त्रेचाळीस नंबरचं पंक रॉक

त्रेचाळीस नंबरचं गाणं माझं आहे.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. गाणं म्हणतो आहे खरा, पण त्यात गाण्यासारखं काही नाही. दोन मिनिटं एक माणूस ओरडतो आणि त्याच्या मागे धान भरडायचं मशीन चालू असतं. तो माणूस मी.

मी राईस मिलमध्ये मशीनवर आहे. त्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून मशीनवरची माणसं हळूहळू बोलणंच सोडून देतात. मला काही सोडावं लागलं नाही, मी आधीपासूनच तसा. गावात मला चांगला माणूस म्हणतात. न बोलणाऱ्याला म्हणतातच. आता पन्नाशी जवळ आली, आणि चांगला माणूस म्हटलं की मला घाम फुटतो.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना सगळा तालुका भाऊ म्हणतो. मीही तेवढंच लिहीन. लाखांदूरच्या बसस्टँडसमोर त्यांचं गाणी भरून देण्याचं दुकान आहे. पूर्वी लोक मेमरी कार्ड आणायचे, आता पेनड्राइव्ह आणतात. मोबाइलमध्ये सगळं फुकट मिळतं, तरी ट्रॅक्टरवाले येतातच, कारण बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रेंज नसते आणि गाण्याशिवाय चिखलणी होत नाही. दुकानात खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाची. भाऊ एका बंद पडलेल्या स्पीकरवर बसतात आणि दुसऱ्या चालू स्पीकरला डावा कान लावून ऐकतात. उजवा कान, त्यांच्या मते, घरच्या बोलण्यासाठी आहे.

त्यांच्या कॉम्प्युटरवर गाणी सिनेमाप्रमाणे किंवा गायकाप्रमाणे लावलेली नाहीत. कामाप्रमाणे लावलेली आहेत. ‘रोवणी, सकाळची’. ‘रोवणी, पाठ दुखायला लागल्यावरची’. ‘वरात, नवरदेव खूश’. ‘वरात, नवरदेव सोडून सगळे खूश’. कोणी आलं आणि म्हणालं, "भाऊ, चांगली चांगली गाणी टाकून द्या जी," की भाऊ विचारणार, "कोणत्या कामाले?"

"आयकाले."

"आयकणं हे काम नाही होय. आयकून काय करशीन ते सांग."

एकदा एक जण वैतागून म्हणाला, बायको माहेरी जाऊन बसली आहे, तिला आणायला चाललो आहे, आता टाका काय टाकायचं ते. भाऊंनी त्याला अर्धा तास बसवून ‘बायको आणायले जाताना’ असं नवीन फोल्डर केलं. चार दिवसांनी तोच माणूस तोंड पाडून आला. भाऊंनी काही न विचारता दुसरं फोल्डर उघडलं. ‘बायको न आणता येताना’. ते पहिल्याच दिवशी तयार करून ठेवलेलं होतं.

वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, म्हणत, "तुमाले हसू येते, पण माह्या घरी वरण अन् भाजी एका ताटात चालत नाही. काय होय ते आधी सांगाव लागते, मंग वाढाव लागते."

हा सगळा वेडेपणा दुकानापुरता असता तर तालुक्याने तो हसण्यावारी नेला असता. पण भाऊंची खरी जागा मंडईतली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावची मंडई भरते. त्या दिवशी सगळे पाहुणे येतात, खाजं-जिलेबीची दुकानं लागतात आणि भर दुपारी मंडपात खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, उभी राहते. तिचं दुय्यम असतं. म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर, एकीने विचारायचं, दुसरीने गाण्यात उत्तर द्यायचं. माइकवर भाऊ. कोण येणार आणि तो कोणता प्रकार आहे हे ते आधी सांगत. त्यांनी सांगितल्याशिवाय म्हाताऱ्या बायासुद्धा पदर सावरून बसत नसत.

एका मंडईत त्यांनी रंगात आलेली दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, मध्येच थांबवली होती. "थांबा जी. तुमी दंडार म्हणून आले आन् दहा मिनटापासून नाटक करून राहिले. कोण्या तरी एका ठिकानी राहा." पार्टीचा म्होरक्या रागावला नाही. त्याने बाकीच्यांना बाजूला घेतलं, कुजबुज केली, आणि खरंच, चुकलंच म्हणून ते परत दंडारीवर आले.

तो माइक त्यांचा स्वतःचा होता. मंडपवाल्याच्या माइकवर लोक "जेवण झालं का" असं विचारतात, म्हणून त्यात प्रकार सांगणं त्यांना पटत नसे. घरून कापडी पिशवीत आणायचे, वर लोकरीची छोटी टोपी घातलेली. थंडीत धातूला सर्दी होते, असं त्यांचं मत. मी ती टोपी काढलेली पाहिली की मला उगाच बरं वाटायचं. एवढ्या गर्दीसमोर कोणी तरी न चाचरता बोलतो आहे, आणि तो मला ओळखतो.

अशा माणसाच्या दुकानात पंक रॉक आलं.

बँकेत एक तरुण साहेब बदलून आले होते. त्यांनी एक डिस्क दिली आणि म्हणाले, यातलं पंक रॉकचं फोल्डर गाडीच्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. बेचाळीस गाणी होती. भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "साहेब, पंक रॉक म्हणजे काय जी?"

साहेब हसले. म्हणाले, "ते असं सांगता येत नाही."

मी तिथेच बसलो होतो. भाऊंच्या चेहऱ्यावर मी एवढं दुःख त्यांच्या सासऱ्याच्या मयतीतही पाहिलं नव्हतं. "सांगता येत नाही त फोल्डरवर नाव कायले लिहिलं?"

साहेबांची वर्षभरात बदली झाली. डिस्क त्यांनी नेली, बेचाळीस गाणी मागे राहिली. भाऊंचा नियम असा की वाण माहीत नसलेलं बियाणं आणि प्रकार माहीत नसलेलं गाणं दुसऱ्याला द्यायचं नाही. म्हणून त्यांनी एक लांबोडकी वही आणली आणि व्याख्या लिहायला सुरुवात केली.

पहिली व्याख्या अशी होती : ज्यात गाणारा घाईत असतो ते पंक रॉक. अकरा नंबरचं गाणं निघालं बैलगाडीच्या चालीचं. व्याख्या खोडली. दुसरी : जे लवकर संपते ते. हे त्यांनी समोरच्या बसवर तपासलं. बस फलाटाला लागली की गाणं लावायचं, बस सुटायच्या आत संपलं पाहिजे. तीस नंबरचं गाणं पवनीची बस सुटली, तिच्यामागची साकोलीची आली, तिचा कंडक्टर चहा पिऊन गेला, तरी चालूच. खोडली. तिसरी : ज्याले गाता येत नाही त्याचं गाणं. आठ नंबरला एक बाई इतकं गोड गात होती की वहिनी भाजी निवडायच्या थांबल्या. शिवाय त्या व्याख्येने भाऊंच्या मेहुण्याचं भजनी मंडळ पंक रॉकमध्ये जात होतं, आणि नातेसंबंधाचा प्रश्न होता.

मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. न्हावी म्हणाला, ते केस असतात, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. कपड्यांच्या दुकानदाराने सांगितलं, फाटक्या पँटी. कॉलेजातले इंग्रजीचे सर म्हणाले, "तो संगीताचा प्रकार नाहीच मुळी. ती एक वृत्ती आहे."

भाऊ दुकानात येऊन स्पीकरवर बसले. "केस डोक्यावर राहते, पँट कमरेले राहते, ते समजलं. वृत्ती पेनड्राइव्हवर कशी टाकू गा?"

मला हसू येत होतं. मी हसलो नाही. मी कधीच हसत नाही, त्यामुळे भाऊंना वाटायचं की या विषयाचं गांभीर्य समजणारा तालुक्यात मी एकटाच आहे.

आता माझं सांगतो.

आमच्या मशीनचा पट्टा जुना झाला होता. पट्ट्याच्या दोन टोकांना जिथे जोड असतो तिथला पत्रा उचकटला होता, आणि दर फेरीला तो चाकावर फट् करून बसायचा. त्याने मशीनला झटका बसतो आणि तांदळाची कणी जास्त पडते. दोन हंगाम मी मालकांना सांगत होतो की पट्टा बदला. म्हणजे दोन हंगामांत मिळून दोनदा सांगितलं. माझ्या मानाने ते फार झालं.

एक दिवस गिऱ्हाइकांनी कणीवरून आरडाओरड केली. मालक खुर्चीवर बसून होते, पाठीमागे टर्किश टॉवेल. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "पट्ट्याले काही नाही झालं. या माणसाचा हातच जड आहे. वीस वर्षं झाले, याले धान अन् गिट्टी एकच दिसते."

मी म्हणालो, "हो जी."

दुपारी सगळे जेवायला गेले. मशीन चालू होतं. आपला आवाज मोठा केला तर कसा लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी ते माहीत करून घ्यावंसं वाटलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून पोत्यावर ठेवला आणि ओरडलो. मला शिव्या येत नाहीत. म्हणून मी मालकांच्या वस्तू घेतल्या. तुही मिशी. तुही खुर्ची. तुहा टॉवेल. तुहा पट्टा. परत तुही मिशी. मशीनच्या घरघरीत शब्द काही कळत नव्हते, पण घसा दोन दिवस बसला. बायकोला सांगितलं, धूळ गेली.

ते रेकॉर्डिंग पुसवेना आणि घरी ठेववेना. आठवड्याने भाऊंकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "बस जरा, चहा सांगून येतो." समोर कॉम्प्युटर चालू, पंक रॉकचं फोल्डर उघडं, त्यात बेचाळीस माणसं ओरडत बसलेली. मला वाटलं, यांच्यात एक माणूस जास्त झाला तर काय बिघडतं. मोबाइलची वायर लावली आणि टाकून दिलं. त्रेचाळीस.

गंमत म्हणून टाकलं असं मी स्वतःला सांगत आलो. गंमत नव्हती ती.

दोन दिवसांनी भाऊंचा निरोप आला, तातडीने या. गेलो. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि मला खुर्चीवर बसवून त्रेचाळीस लावलं. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या दुकानात, त्याच्याच समोर बसून ऐकणं काय असतं ते कोणाला न कळो. भाऊंनी डावा कान लावून तीनदा ऐकलं.

"हे आधी दिसलं नोहतं मले. साहेबाच्या डिस्कमधलंच असन ना?"

"असेल," मी म्हणालो.

"इंग्लंडचा कारखाना वाटते." मग म्हणाले, "पाह्य, बाकी बेचाळीस आहेत ना, त्याईले कोणी तरी आयकलं पायजे. हा एकटाच असा आहे का याले कोणी आयकू नये असं वाटून राहिलं. मंग हा वरडते कायले?"

त्या प्रश्नावर त्यांनी पुढची पाच-सहा वर्षं काढली. त्रेचाळीसमध्ये ताल नाही, वाद्य नाही, सुरुवात नाही, शेवटी ओरडणारा खोकतो. जी व्याख्या बेचाळिसांना बसायची ती त्रेचाळिसाशी मोडायची, आणि भाऊ बेचाळीस सोडून त्रेचाळीसच धरून बसायचे. "शुद्ध वाण तोच होय. बाकी सगळे त्याचे भेसळीचे." मी दर आठवड्याला जाऊन चहा पीत होतो. सतरा व्याख्या खोडलेल्या मी पाहिल्या. एका शब्दात त्यांची सुटका झाली असती.

मग ती मंडई आली. साकोलीकडच्या कॉलेजची चार मुलं-मुली गिटार-ढोल घेऊन आली. कागदावर ‘प्रकार’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, पंक रॉक. समितीवाले गडबडले. दुय्यम लावायचं तर समोर कोणाला उभं करायचं? एकट्याचं दुय्यम होत नाही. कागद भाऊंकडे गेला, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू मुलीचं स्थळ आलं आहे.

मंडपात बसायला जागा नव्हती. समितीचे अध्यक्ष आमचे मालक, पहिल्या रांगेत सोफ्यावर. मी त्यांच्यामागे शाल-नारळाचं ताट घेऊन उभा. भाऊंनी टोपी काढली.

"मंडळी, यानंतर जे येऊन राहिलं ते पंक रॉक होय. ते काय असते हे मी लय वर्षांपासून शोधून राहिलो. केस नाही होय, पँट नाही होय. सांगून समजत नाही, म्हणून आधी एक शुद्ध नमुना आयकवतो."

आणि त्यांनी मंडपाच्या आठही भोंग्यांवर त्रेचाळीस लावलं.

मी ताटातला नारळ उगाच सरळ केला. पुढच्या ओळीतली एक आजी म्हणाली, "दाने भरडून राहिले का गा?" कोणी तरी हसलं. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी मान तिरपी केली. वीस-पंचवीस वर्षं मिल चालवलेला माणूस, त्याला आपल्या मशीनचा आवाज लेकराच्या रडण्यासारखा कळतो. घर्र, घर्र, फट्. घर्र, घर्र, फट्.

ते उठून उभे राहिले. "बंद करा. हा माहा पट्टा होय."

सगळे कान देऊन ऐकायला लागले. भोंग्यांवर माझी ‘तुही मिशी’ चालूच होती, आणि आता सगळ्यांना ती कळत होती.

"माह्या मिलमधे कोण वरडून राहिला हा?"

मालकांनी मागे वळून पाहिलं नाही. भाऊंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. पट्ट्याची एक फेरी होईल एवढाच वेळ. माझं तोंड उघडं होतं, हे मला नक्की आठवतं. त्यातून काही आलं नाही.

भाऊंनी माइक तोंडाजवळ घेतला. "आवाज माहा होय."

"तुमचा? तुमी माह्या मिलमधे कधी आले?"

"दुपारी आलतो. कोणी नोहतं."

"अन् माह्या मिशीवर वरडले?"

"हो."

"काहून?"

खोटं बोलण्याची भाऊंना सवय नव्हती.  "नमुना पायजे होता," ते म्हणाले.

मंडप असा हसला की जिलेबीवाला झारा घेऊन पाहायला आला. मालक लाल झाले होते. "ठेवा तो माइक. या मंडईत परत हात नाही लावाचा."

माइक भाऊंचा स्वतःचाच होता, त्यामुळे ठेवणार कुठे? त्यांनी वायर काढली, टोपी घातली, पिशवीत ठेवला आणि पायऱ्या उतरले. समितीतल्या कोणी तरी मंडपवाल्याचा माइक घेतला. "हॅलो हॅलो. जेवण झालं का सगळ्याईचं? आता गाणं होईन." भाऊ शेवटच्या पायरीवर थांबले, पिशवी काखेत घेतली आणि निघाले. मुलांनी छान वाजवलं. शेवटी समोर उभ्या केलेल्या खडी गंमतीच्या ढोलकीवाल्याने त्यांना घाम फोडला. पण ते काय होतं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून टाळ्या जरा बिचकतच पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी सांगायलाच गेलो होतो. खरंच सांगतो, सांगायलाच. भाऊ वही उघडून बसले होते, काल काही झालंच नाही असे.

"बरं झालं आलास. अठरावी जमली, पाह्य. ज्याचा राग खरा आहे, अन् तो सांगाले ज्याले दुसरी जागा नाही, त्याचं जे काही असन ते पंक रॉक. केस नसले तरी चालते. राईस मिल असली तरी चालते." त्यांनी पेन वहीवर टेकवला. माझ्याकडे पाहत नव्हते. "फक्त एकच अडून राहिलं. त्रेचाळीसचा राग खरा होता का गमतीचा, ते त्या वरडणाऱ्यालेच माहीत. खरा असन त व्याख्या पुरी. गमतीचा असन त पुन्हा पहिल्यापासून."

त्याहून सोपं दार माझ्यासाठी कोणी कधी उघडलं नाही.

मी म्हणालो, "भाऊ, तुमीच तर वरडले होते ना."

भाऊंनी पेन वहीवरून उचलला. "हो गा," म्हणाले, "मी विसरलोच." आणि पेनाला टोपण लावलं. मग माझ्यासाठी चहा सांगितला.

मालकांनी महिनाभरात पट्टा बदलला. सगळ्या तालुक्याने ऐकल्यावर करतात काय. कणी कमी झाली आणि माझा हात हलका असल्याचं मालक आता लोकांना सांगतात. आमच्या मिलला सगळे पंक रॉक म्हणतात. "धान कुठं नेलं?" "पंक रॉकमधे." भाऊ म्हणतात, निदान एका तालुक्यात तरी या शब्दाला पत्ता मिळाला.

मंडईत ते अजूनही येतात, जिलेबीच्या दुकानाजवळ उभे राहतात. माइकवर कोणी तरी चुकीचा प्रकार सांगतं, तेव्हा शेजारच्या माणसाला हळूच म्हणतात, "दंडार नाही होय गा, खडी गंमत होय." शेजारचा मान हलवतो. वहीत अठराव्या व्याख्येपुढे एवढीशी जागा कोरी आहे. खोडलेली नाही, पुरीही केलेली नाही.

राग खरा होता, भाऊ. एवढं मला मंडपात, मालक सोफ्यावर बसलेले असताना, तुमच्या माइकवरून सांगायचं आहे. ते माझ्याकडून बाकी आहे.